शिकविलेल्या पेशी आणि पंधरा वर्षांची वही

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावयाची, असे आपल्याकडे पूर्वापार विचारले जाते. मनुष्यदेहावरही हा प्रसंग येतो. देहाच्या रक्षणासाठी निसर्गाने रक्तात पांढऱ्या पेशींचे मोठे सैन्य ठेविले आहे. त्यांपैकी 'टी' पेशी शत्रूस हुडकून त्याचा प्रत्यक्ष नाश करितात, आणि 'बी' पेशी त्याच्यावर सोडावयाची प्रतिपिंडे तयार करितात. घरचा कोण आणि परका कोण, ही ओळख या सैन्याला असते म्हणूनच आपण सुखाने जगतो. परंतु कधी कधी ही ओळख बिघडते, आणि सैन्य आपल्याच घरावर चालून येते. कधी सांध्यांवर, कधी त्वचेवर, कधी मूत्रपिंडावर, कधी मज्जातंतूंवर हा हल्ला होतो. यालाच स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने, देह स्वतःवरच शस्त्र धरील ही कल्पना इतकी भयंकर मानिली की, निसर्ग तसे सहसा घडू देणार नाही असे त्याचे मत होते. पुढील शंभर वर्षांच्या अनुभवाने मात्र असे पुष्कळदा घडते हे सिद्ध केले.

या रोगांमध्ये ल्यूपस हा फार छळणारा आहे. त्याच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांतील बहुतेकींना तो ऐन तारुण्यात गाठतो. सांधे दुखणे, ताप, गालांवर लाल चट्टे, केस गळणे अशा लक्षणांनी तो सुरू होतो व कित्येकींच्या मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. सूर्यप्रकाशाने तो बळावतो, ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यासारख्या प्रदेशात विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. घाटाखालच्या खामगाव, नांदुरा, मलकापूर भागातील कापसाची वेचणी काय, किंवा घाटावरच्या चिखली, मेहकर भागातील सोयाबीनची सोंगणी काय, दोन्ही कामे उघड्या उन्हातली आणि दोन्हींत स्त्रियांचे हात अधिक. ज्या बाईला वैद्य 'उन्हात जाऊ नका' असे सांगतात, तिच्या घरची चूल त्याच उन्हावर अवलंबून असते. तिच्या औषधांची यादीही हलकी नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, स्टेरॉइड, आणि मूत्रपिंडावर संकट आले तर सायक्लोफॉस्फामाइडसारखी जहाल द्रव्ये तिला घ्यावी लागतात. ही औषधे सर्वच सैन्याला झोडपून दबवितात; त्यामुळे रोग आटोक्यात येतो, पण शरीर इतर रोगांस उघडे पडते. बहुतेकींना कमीअधिक प्रमाणात ती जन्मभर घ्यावी लागतात.

अशा रुग्णांसाठी गेल्या काही वर्षांत एका नव्या उपायाची आशा निर्माण झाली आहे. त्या उपायाचे नाव कार-टी पेशी-उपचार. आशा मोठी आहे, म्हणूनच तिच्यामागून येणारा प्रश्नही मोठा आहे: हा उपाय आज गुणकारी दिसतो, पण दहा-पंधरा वर्षांनी तो रुग्णाला काय देईल?

प्रथम हा उपाय काय आहे ते पाहू. रुग्णाच्या रक्तातून यंत्राच्या साहाय्याने टी पेशी वेगळ्या काढितात. प्रयोगशाळेत एका निर्विष केलेल्या विषाणूच्या हस्ते त्या पेशींत एक नवे जनुक पोहोचवितात. त्या जनुकाच्या योगाने पेशीच्या पृष्ठभागावर एक कृत्रिम ग्राहक उगवतो. बी पेशींच्या अंगावर 'सीडी-१९' नावाचे एक चिन्ह असते. ते चिन्ह या ग्राहकाला ओळखता येते. अशा शिकविलेल्या पेशी काही दिवस वाढवून, रुग्णास थोडी केमोथेरपी देऊन त्याच्या रक्तात जागा मोकळी करितात, आणि मग त्या पेशी शिरेतून परत सोडितात. त्या शरीरात वाढतात, फिरतात आणि बी पेशी दिसेल तेथे तिचा नाश करितात. गोळी पोटात गेली की काही तासांनी वा दिवसांनी तिचा अंमल उतरतो. या पेशी मात्र जिवंत औषध आहेत; त्या वर्षानुवर्षे देहात राहू शकतात. त्यांचे बळ या गुणात आहे आणि त्यांच्याविषयीची चिंताही याच गुणातून उत्पन्न होते.

हा उपाय मूळचा रक्ताच्या कर्करोगासाठी निघाला. भारतात त्याचे पहिले पाऊल महाराष्ट्रातच पडले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत या पेशी सिद्ध झाल्या, आणि ४ जून २०२१ रोजी टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत देशातील पहिल्या रुग्णावर त्यांचा प्रयोग झाला. 'नेक्सकार-१९' या नावाने या उपचारास २०२३ च्या ऑक्टोबरात केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, व ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचा आरंभ झाला. ६४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला होता. अमेरिकेत ज्या उपचाराला तीन कोटी रुपयांहून अधिक मूल्य पडते तो येथे तीस-चाळीस लाखांत मिळू लागला. ही रक्कमही सामान्य घराला झेपणारी नव्हे, पण फरक लहान नाही. तथापि ही मान्यता ठराविक प्रकारच्या रक्तकर्करोगांपुरती आहे, हे विसरता कामा नये.

स्वयंप्रतिकार रोगाकडे हा उपाय वळविला तो जर्मनीतील एरलांगेन येथे. तेथील प्राध्यापक गेओर्ग शेट व त्यांचे सहकारी यांनी असा विचार केला की, ल्यूपसमध्ये घरावर उलटणारी प्रतिपिंडे जर बी पेशींपासून उत्पन्न होतात, तर कर्करोगात बी पेशींचा समूळ नाश करणारी ही युक्ती येथेही का वापरू नये? २०२१ साली वीस वर्षांच्या एका तरुणीवर त्यांनी हा उपाय केला. तिच्या मूत्रपिंडांस ल्यूपसने ग्रासले होते व नेहमीची औषधे हरली होती. काही आठवड्यांतच तिचा रोग शमला. २०२४ च्या फेब्रुवारीत याच गटाने १५ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली: ८ ल्यूपसचे, ३ स्नायुदाहाचे आणि ४ त्वचा व आतील अवयव ताठर करणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे. ल्यूपसचे आठही रुग्ण रोगमुक्त अवस्थेत पोहोचले होते, आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दबविणारी औषधे बंद करिता आली होती.

यात आश्चर्याची गोष्ट ही की, सरासरीने पाहता सुमारे चार महिन्यांत या रुग्णांच्या रक्तात बी पेशी पुन्हा दिसू लागल्या, तरी रोग परतला नाही. नव्याने आलेल्या पेशी कोऱ्या होत्या. जुन्या पेशींची वाईट शिकवण त्यांच्यात उतरली नव्हती. रानात तण माजले असता ते नांगरून काढावे व नवी पेरणी करावी, तसाच हा प्रकार. शिवाय पूर्वी घेतलेल्या लसींचे संरक्षण बहुतांशी टिकून राहिले. याचे कारण असे की, दीर्घकाळ प्रतिपिंडे बनविणाऱ्या कित्येक प्रौढ पेशींच्या अंगावर सीडी-१९ चे चिन्ह उरलेलेच नसते. त्यामुळे त्या या कत्तलीतून वाचतात.

इतके ऐकल्यावर कोणाच्याही मनात येईल की, मग विलंब कशाला? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासातच आहे. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन हे द्रव्य टोचले. थोड्याच दिवसांत ती चालू-फिरू लागली. जगभर जयजयकार झाला आणि १९५० साली हेंच यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पण पुढे जसजशी वर्षे लोटली तसतशी दुसरी बाजू दिसू लागली. हाडे ठिसूळ होत, चेहरा सुजे, रक्तातील साखर व रक्तदाब वाढे, जंतुदोष बळावत. औषध खोटे नव्हते; आजही त्यावाचून वैद्याचे चालत नाही. परंतु त्याची खरी किंमत पहिल्या आठवड्यात समजली नव्हती. नव्या उपायाचा गुण लवकर दिसतो, त्याचा अवगुण सावकाश येतो, हा धडा तेव्हापासून वैद्यकाने गिरविला आहे.

कार-टी पेशींचे धोके काळाच्या हिशेबाने तीन प्रकारचे मानता येतील.

पहिला धोका जवळचा, म्हणजे पहिल्या दोन-चार आठवड्यांतला. शिकविलेल्या पेशी एकदम कामास लागल्या की शरीरात दाहकारक द्रव्यांचा लोंढा येतो. ताप भरतो, रक्तदाब उतरतो, क्वचित श्वास अडतो. काही रुग्णांना गोंधळल्यासारखे होते, वाचा अडखळते. कर्करोगात हा प्रकार कधी कधी जिवावर बेततो, कारण तेथे मारावयाच्या पेशींची संख्या अफाट असते. स्वयंप्रतिकार रोगात बी पेशी तितक्या नसतात, म्हणून येथे हा त्रास बहुधा सौम्य राहिला आहे. एरलांगेनच्या १५ रुग्णांपैकी बहुतेकांना केवळ ताप आला. शिवाय या लोंढ्यावर टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी आहे. हा धोका दिसतो, लवकर येतो आणि इस्पितळातच त्याची गाठ पडते. म्हणून त्याचा बंदोबस्तही करिता येतो.

दुसरा धोका मधल्या काळाचा, म्हणजे काही महिन्यांपासून एक-दोन वर्षांपर्यंतचा. बी पेशी नाहीशा झालेल्या असताना नव्या शत्रूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत. रक्तातील इतर पेशीही कधी कधी बराच काळ कमी राहतात. या काळात जंतुदोष ही मुख्य भीती. आपल्या देशात तिला विशेष अर्थ आहे. क्षयाचे जंतू असंख्य लोकांच्या देहात निपचित पडून असतात, आणि 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणूही कित्येकांच्या यकृतात दडून असतो. पहारा उठला की हे दोघे डोके वर काढू शकतात. म्हणून उपचारापूर्वी या दोहोंची तपासणी करणे, आणि नंतर ताप-खोकल्याकडे दुर्लक्ष न करणे, ही काळजी जर्मनीपेक्षा विदर्भात अधिक घ्यावी लागेल. परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू पडतील असे गृहीत धरणे बरोबर नाही, त्याचे हे एक कारण.

तिसरा धोका दूरचा, आणि त्याच्यासाठीच खरी चिंता आहे. विषाणू जेव्हा नवे जनुक पेशीत पोहोचवितो, तेव्हा ते पेशीच्या मूळ जनुकसूत्रात कोठेतरी जाऊन बसते. नेमके कोठे बसावे, हे अद्याप पूर्णपणे माणसाच्या हातात नाही. दुर्दैवाने ते पेशीच्या वाढीचे नियमन करणाऱ्या जनुकाशेजारी बसले, तर ती पेशी बेताल वाढू लागण्याचा संभव असतो, म्हणजेच कर्करोग. ही नुसती कल्पना नाही. पॅरिस येथे १९९९ पासून जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवर जनुकोपचार करण्यात आला. आरंभी मुले बरी झाली; परंतु २००२ पासून दहा मुलांच्या त्या गटातील चौघांना एकामागून एक रक्ताचा कर्करोग झाला व त्यांपैकी एक दगावला. जनुक नको त्या जागी बसले होते.

दुधाने तोंड पोळले की मनुष्य ताकही फुंकून पितो. त्या प्रसंगानंतर वाहक विषाणूंची रचना बदलली, नियम कडक झाले. शिवाय पॅरिसचा उपचार मूळपेशींवर होता. कार-टी उपचारात वापरतात त्या पूर्ण वाढ झालेल्या टी पेशी, आणि त्या सहजासहजी बेताल होत नाहीत असे दिसून आले आहे. जनुक बदललेल्या टी पेशी दिलेल्या ४३ एच.आय.व्ही.बाधित रुग्णांचा सुमारे अकरा वर्षे पाठपुरावा केला गेला. तो वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि एकाही रुग्णात त्या पेशी कर्करोगी झाल्या नव्हत्या. अमेरिकेतील डग ओल्सन यांना २०१० साली कर्करोगासाठी कार-टी पेशी मिळाल्या. दहा वर्षांनंतरही त्या त्यांच्या रक्तात सापडल्या आणि रोग परतला नव्हता. एमिली व्हाइटहेड ही मुलगी २०१२ साली सहा वर्षांची असताना याच उपायाने मरणाच्या दारातून परत आली व पुढे मोठी झाली.

याच्या उलट पुरावाही समोर ठेविला पाहिजे. ऑस्ट्रेलियात जनुक पोहोचविण्यासाठी विषाणूऐवजी वेगळी पद्धत वापरलेल्या १० रुग्णांपैकी दोघांमध्ये त्या शिकविलेल्या पेशींचाच कर्करोग उद्भवला. ही हकिकत २०२१ साली प्रसिद्ध झाली. २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कार-टी उपचारानंतर टी पेशींचा कर्करोग झाल्याच्या घटनांची चौकशी आरंभिली. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत दिल्या गेलेल्या २७,००० हून अधिक मात्रांमागे अशा २२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. तीन घटनांत जनुकतपासणी होऊन शिकविलेले जनुक कर्करोगाच्या पेशींतच सापडले. २०२४ च्या जानेवारीपासून या औषधांच्या माहितीपत्रकात तशी ठळक सूचना घालावी असा आदेश निघाला. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथील ७२४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टी पेशींचा असा कर्करोग एकच आढळला, आणि त्या कर्करोगात शिकविलेले जनुक नव्हते. त्या रुग्णाच्या रक्तपेशींत आधीपासूनच दोष होते. म्हणजे दोषारोप करण्यापूर्वीही पुरावा तपासावा लागतो.

२७,००० मागे २२ म्हणजे साधारण बाराशेंत एक. आकडा लहान वाटतो. पण तो वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेविल्या पाहिजेत. एक, सर्वच घटना नोंदल्या जातात असे नाही. दोन, त्या मात्रांपैकी कित्येक नुकत्याच दिलेल्या होत्या. दूरचा धोका दिसण्यास त्यांना वेळच मिळालेला नव्हता. तीन, हे सर्व रुग्ण कर्करोगाचे होते, त्यांच्या देहावर आधीच अनेक जहाल औषधांचे प्रयोग झालेले होते, आणि त्या औषधांनीही नवा कर्करोग होऊ शकतो. ल्यूपसच्या रुग्णाचा देह निराळा. तथापि सायक्लोफॉस्फामाइड तिनेही घेतलेले असू शकते, आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा संभव ल्यूपसमध्ये मुळातच थोडा अधिक असतो. म्हणून उद्या एखादीला असा कर्करोग झाला, तर तो रोगाने झाला, जुन्या औषधाने झाला की नव्या पेशींनी झाला, हे ठरविण्यास उपचार न घेतलेल्या तशाच रुग्णांशी तुलना करावी लागेल.

येथे गणिताचा एक साधा नियम उपयोगी पडतो. एखाद्या उपचाराने अमुक रुग्णांपैकी एकालाही विशिष्ट अपाय झाला नाही, तर तीन या संख्येस रुग्णांच्या संख्येने भागावे; येणारा भागाकार म्हणजे त्या अपायाचे, शंभरांत पंचाण्णव खात्रीने सांगता येणारे, अधिकात अधिक प्रमाण. १५ रुग्णांत एकालाही कर्करोग झाला नाही, यावरून फक्त इतकेच म्हणता येते की, तो धोका पाचांत एकाहून बहुधा मोठा नाही. हे समाधान फार तोकडे आहे. धोका हजारांत एकापेक्षा कमी आहे असे म्हणावयाचे तर सुमारे ३,००० रुग्ण पाहावे लागतील, आणि तेही पुरेशी वर्षे. पंधरा जणांच्या यशाने मार्ग दिसतो; तो निर्धोक आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही.

मग न्याय कसा करावयाचा? कर्करोगाच्या रुग्णासमोर बहुधा दुसरा मार्ग उरलेला नसतो; दहा वर्षांनंतरच्या धोक्याची भीती बाळगण्यास आधी ती दहा वर्षे जगावे लागते. ल्यूपसच्या वीस वर्षांच्या मुलीपुढे मात्र पन्नास वर्षांचे आयुष्य असते. तिला विवाह करावयाचा असतो, मुले हवी असतात. तिच्या बाबतीत लहान धोकाही दीर्घकाळ साचत जातो. पण तराजूचे दुसरे पारडेही रिकामे नाही. बिघडणारी मूत्रपिंडे, जन्मभराचे स्टेरॉइड, वारंवारचे जंतुदोष आणि अकाली मृत्यू ही त्यात आहेत. म्हणून ज्यांचा रोग सौम्य आहे व साध्या औषधांनी आवरतो, त्यांनी या उपायामागे धावणे योग्य नव्हे. ज्यांच्या रोगापुढे सर्व औषधे हरली आहेत, त्यांच्यासाठी तो विचारात घेण्याजोगा ठरतो. याच कुळातील एक थोरला उपाय, म्हणजे रुग्णाच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण, सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये युरोपात तपासला गेला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत प्रत्यारोपणाच्या गटातील ७९ रुग्णांपैकी ८ जण पहिल्या वर्षातच उपचारामुळे दगावले. तरीही पुढील वर्षांत एकंदरीने त्याच गटाचे आयुर्मान सरस ठरले. पहिल्या वर्षाचा आणि दहाव्या वर्षाचा हिशेब वेगळा निघतो, हे त्यावरून दिसते.

धोका कमी करण्याचेही प्रयत्न चालू आहेत. काही शास्त्रज्ञ जनुकाऐवजी त्याचा तात्पुरता संदेश, म्हणजे आर.एन.ए., टी पेशीत घालतात; तो जनुकसूत्रात बसत नाही, काही दिवसांत विरून जातो, आणि कर्करोगाचे मूळ कारणच टळते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या रोगात अशा पेशींच्या चाचण्या झाल्या आहेत. अन्य काही जण सैन्याला शांत करणाऱ्या 'नियामक' टी पेशी वाढवून देण्याच्या मागे आहेत. पण ल्यूपससारख्या रोगांसाठी कार-टी उपचार २०२५ सालापर्यंत तरी चाचण्यांच्या कक्षेतच होता. त्याला घरगुती उपायाचे रूप आलेले नाही.

याच कारणाने, ज्या पेशींत जनुक कायमचे बसविले जाते त्यांच्या रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवावे, असा दंडक अमेरिकेत घातला गेला आहे. भारतातही जनुकोपचाराविषयीच्या २०१९ च्या मार्गदर्शक नियमांत दीर्घकालीन पाठपुराव्यावर भर आहे. कागदावर हे सोपे दिसते. बुलढाणा जिल्ह्यात मात्र पंधरा वर्षे म्हणजे काय, याचा विचार केला पाहिजे. शेगावहून मुंबई रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे निदान लोहमार्गावर आहेत, पण मेहकर-लोणारकडील रुग्णाला आधी मोटारीने घाट उतरावा लागतो किंवा जालन्याचा रस्ता धरावा लागतो. पहिले काही आठवडे उपचारकेंद्राजवळ राहणे आवश्यक असते. अमेरिकेत ही मुदत २०२५ साली चार आठवड्यांवरून दोनवर आणली गेली, तरी मुंबईत दोन आठवडे राहण्याचा खर्चही शेतकरी कुटुंबाला लहान नसतो. आणि घरी परतल्यावर खरी पंधरा वर्षे सुरू होतात. या काळात मुलीचे लग्न होते, आडनाव बदलते, गाव बदलते, दूरध्वनीचा क्रमांक बदलतो. ऊसतोडीला किंवा पुण्या-सुरतेला कामासाठी कुटुंबे जातात. आठव्या वर्षी तिच्या मानेत गाठ आली, तर ज्या दवाखान्यात ती जाईल तेथील वैद्याला तिच्या देहातील शिकविलेल्या पेशींची वार्ता असेलच असे नाही. गाठ काढली जाईल, तिचा नमुना जनुकतपासणीस जाणार नाही, आणि एक मोलाची नोंद कायमची हरवेल. त्या नोंदीवाचून पुढील तरुणीला तिचा धोका किती, हे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही.

नोंदीचे महत्त्व या जिल्ह्याने अलीकडेच अनुभविले आहे. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत अनेकांचे केस थोड्याच दिवसांत झडून टक्कल पडले. हा प्रकार ल्यूपसचा नव्हता; पण त्यापासून घेण्याचा धडा येथेही लागू पडतो. संशयाचे बोट आरंभी पाण्याकडे वळले, अफवांना ऊत आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने गोळा झाले, आणि पुढे तपासणीत सेलेनियम या मूलद्रव्याचे वाढलेले प्रमाण समोर आले. कोणाला, कोठे, केव्हा काय झाले याची गावोगाव घरोघर नोंद झाली म्हणून विचारास आधार मिळाला. ती घटना काही आठवड्यांत उघड झाली, कारण टक्कल लपत नाही. दहा वर्षांनी एकाच घरात उद्भवणारा कर्करोग मात्र कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. त्याला वहीच शोधू शकते.

यासाठी काही गोष्टी अवघड नाहीत. उपचार घेतलेल्या प्रत्येकाजवळ एक कायमचे पत्रक असावे. त्यात पेशी कोणत्या, केव्हा व कोठे दिल्या हे मराठीत लिहिलेले असावे. नवी गाठ, दीर्घ ताप, रक्तपेशींतील घट यांपैकी काहीही आढळल्यास उपचारकेंद्रास कळवावे आणि गाठीचा नमुना जपून ठेवावा, अशी सूचना त्यावर हवी. बुलढाण्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. वर्षातून एकदोनदा करावयाची रक्ततपासणी जवळच होऊन तिचा वृत्तांत मुंबईस गेला, तर रुग्णाचा प्रवास वाचेल आणि वहीतील पान कोरे राहणार नाही. पाठपुराव्याचा खर्च उपचाराच्या खर्चातच धरला जावा. तो रुग्णाच्या खिशावर टाकला तर तिसऱ्या वर्षानंतर बहुतेक पाने कोरीच राहतील.

रुग्णाच्या कुटुंबानेही होकार देण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. हा उपचार मान्यताप्राप्त आहे की चाचणीतला? चाचणीतला असल्यास तिची अधिकृत नोंद झाली आहे काय, आणि अपाय झाल्यास भरपाई कोण देणार? रुग्णास क्षय व काविळीची तपासणी केली आहे काय? केमोथेरपीमुळे पुढे मुले होण्यास बाधा येईल काय, आणि त्यासाठी आधी काही तजवीज करिता येईल काय? पंधरा वर्षे तिची विचारपूस कोण करणार, आणि ते केंद्र बंद पडले तर तिची वही कोणाकडे जाणार? या प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळत नाहीत, जेथे 'पेशींचा उपचार' या मोघम नावाखाली हमखास गुणाची हमी दिली जाते, तेथून परत फिरणे शहाणपणाचे. 'धोका मुळीच नाही' असे जो म्हणतो त्याने वही उघडलेलीच नाही असे समजावे.

बिघडलेल्या कुंपणाला पुन्हा शेताची ओळख करून देता येते, हे आता दिसले आहे. ती ओळख किती वर्षे टिकते आणि तिची किंमत किती, हे सांगण्यास कोणत्याही प्रयोगशाळेचे यंत्र पुरेसे नाही. त्यासाठी मुंबईच्या वैद्यापासून मेहकरच्या एखाद्या खेड्यातील आशाताईपर्यंत पुष्कळ माणसांनी पंधरा वर्षे एकेका रुग्णाचे नाव न विसरता लिहीत राहावे लागेल.